स्मिथचा घसा आणि सिनेटची खोड

१७ ऑक्टोबर १९३९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये नॅशनल प्रेस क्लबने एका नव्या चित्रपटाचा खास खेळ ठेवला होता. सिनेटर आले, प्रतिनिधिगृहाचे सदस्य आले, राजधानीतले पत्रकार तर झाडून सगळे आले. चित्रपट त्यांच्याच गावाचा, त्यांच्याच सभागृहाचा, आणि दिग्दर्शक फ्रँक काप्रा. दिग्दर्शनाची तीन ऑस्कर पटकावलेला हा माणूस आपल्याला पडद्यावर आणतो आहे म्हणजे कौतुकच असणार, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ संपेपर्यंत तिसरा हिस्सा प्रेक्षक उठून गेले होते, असे काप्राने पुढे आत्मचरित्रात लिहिले. काप्राला हकिकत तिखटमीठ लावून सांगायची सवय होती, तेव्हा आकडा थोडा कमी धरावा. सिनेटर भडकले होते, हे मात्र त्या दिवसांतली वर्तमानपत्रेही सांगतात.

भडकण्यासारखे पडद्यावर बरेच होते. एका राज्याचा सिनेटर मरण पावतो. त्याच्या जागी जिम टेलर नावाच्या राजकीय दादाला हूं की चूं न करणारा माणूस हवा असतो, आणि योगायोगाने निवड होते जेफरसन स्मिथची. हा मुलांची पथके चालवणारा, लिंकनचे नाव काढले की डोळे भरून येणारा भाबडा तरुण. आपल्या राज्यात मुलांसाठी राष्ट्रीय शिबिर व्हावे म्हणून तो एक विधेयक मांडतो. शिबिराची जागा नेमकी तीच निघते, जिथे टेलरच्या माणसांनी खोट्या नावांनी जमिनी घेऊन धरणाचा मलिदा लाटायचा बेत केलेला असतो. स्मिथ गप्प बसत नाही म्हटल्यावर बनावट कागद करून ती जमीन त्याच्याच नावावर दाखवली जाते. आरोप करणारा असतो सिनेटर पेन, ज्याला स्मिथ वडिलांच्या जागी मानतो. सदस्यत्व रद्द होण्याची वेळ येते तेव्हा स्मिथ बोलायला उभा राहतो आणि जवळजवळ चोवीस तास बसत नाही.

हेच ते भाषण. सचोटीवरची पडद्यावरची भाषणे मोजायला बसले की पहिल्या पाचांत याचे नाव येते. गंमत अशी की, भाषण म्हणून त्याचा सभागृहावर काडीचाही परिणाम होत नाही. स्मिथ उभा राहताच सदस्य निघून जातात, परततात ते वर्तमानपत्र उघडून बसतात. त्याच्या राज्यात बातमी पोहोचू नये म्हणून टेलर सगळी वृत्तपत्रे दाबतो. मुले स्वतः पत्रक छापून वाटतात, तर टेलरचे गुंड त्यांना रस्त्यावर चिरडतात. शेवटी स्मिथविरुद्धच्या तारांनी भरलेल्या टोपल्या सभागृहात आणल्या जातात. घसा बसलेला, दाढी वाढलेला स्मिथ त्या तारा मुठीत धरून कोसळतो. पुढे पेनचे मन त्याला खाते आणि तो गुन्हा कबूल करतो म्हणून निकाल फिरतो, नाहीतर चोवीस तास पाण्यात गेले असते. काप्रावर भाबडेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पाहायला हवा. बोलण्याने जग बदलते असे त्याने इथे कुठेही दाखवलेले नाही.

तो घसाही साधा नव्हता. जेम्स स्टुअर्टला आवाज बसल्याचे सोंग जमेना, तेव्हा डॉक्टर बोलावून त्याच्या घशात पाऱ्याच्या क्षाराचे थेंब सोडले गेले आणि घसा खरोखर सुजला. सिनेटचे सभागृह कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत जसेच्या तसे उभारले होते, ९६ सदस्यांच्या ९६ मेजांसह. सिनेटच्या पत्रकार कक्षाचा माजी अधीक्षक जेम्स प्रेस्टन सल्लागार म्हणून हाताशी होता. त्यामुळे कोण कुठे बसतो, पोऱ्ये निरोप कसे पोचवतात, अध्यक्ष हातोडा कधी आपटतो, हे सगळे चोख उतरले. नियमही चोख. बोलणाऱ्याने बसायचे नाही, दालन सोडायचे नाही, आणि दुसऱ्याला मध्ये बोलू द्यायचे ते फक्त प्रश्नापुरते. त्यापुढे जाऊ दिले की बोलण्याचा हक्क गेला. वरच्या सज्जात बसलेली सचिव सॉन्डर्स खाणाखुणा करून स्मिथला या नियमांच्या खाचाखोचांतून पार नेते.

या प्रथेला अमेरिकेत ‘फिलिबस्टर’ म्हणतात. आपल्याकडे ठरलेली वेळ संपली की अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सदस्याला आवरते घ्यावे लागते. अमेरिकन सिनेटमध्ये मात्र बोलणाऱ्याला थांबवायची सोयच फार काळ नव्हती. ती नसण्यामागे काही थोर विचार होता, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरी हकिकत अशी की, चर्चा आटोपून मत घ्यावे असा ठराव मांडण्याची तरतूद सुरुवातीच्या नियमांत होती. १८०५ मध्ये उपाध्यक्ष अॅरन बर याने निरोपाच्या भाषणात नियमपुस्तकाची साफसफाई सुचवली, आणि १८०६ मध्ये इतर अडगळीबरोबर ही तरतूदही गाळली गेली. कुणाच्या ते फारसे लक्षात आले नाही. पळवाट पडून राहिली आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस अल्पमतवाल्यांनी ती वापरायला सुरुवात केली.

पुढे शंभर वर्षांत या वाटेने नाना प्रकारचे लोक गेले. विस्कॉन्सिनचा रॉबर्ट ला फॉलेट १९०८ मध्ये बँकांच्या चलनविषयक विधेयकाविरुद्ध अठरा तासांहून जास्त बोलला. मध्येच उपाहारगृहातून आलेला दूध-अंड्याचा पेला त्याने चव बिघडलेली वाटून परत पाठवला. त्यात विषार होता अशी बोलवा नंतर उठली. लुइझियानाचा ह्यूई लाँग १९३५ मध्ये साडेपंधरा तास उभा राहिला आणि राज्यघटनेवर बोलून झाल्यावर तळलेल्या कालवांची कृती सांगू लागला. पहाटे चारच्या सुमारास त्याला हरवले ते विरोधकांनी नव्हे, लघवीने.

१९१७ मध्ये या खोडीला पहिला लगाम बसला. जर्मन पाणबुड्यांच्या धास्तीने व्यापारी जहाजांवर तोफा चढवण्याचे विधेयक मूठभर सिनेटरांनी बोलून बोलून मारले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन संतापला आणि सिनेटने नियम केला, की दोन तृतीयांश सदस्य म्हणतील तर चर्चा बंद. नियम झाला, पण चालला किती? १९१७ पासून १९६३ अखेर तो पाचच वेळा यशस्वी झाला, आणि त्या पाचांत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे विधेयक एकही नव्हते.

स्मिथच्या भाषणाचा खरा इतिहास इथे येऊन बसतो. प्रेक्षकांनी तो खेळ पाहिला त्याच्या जेमतेम वीस महिने आधी, जानेवारी आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये, त्याच सिनेटमध्ये खरोखरीचा फिलिबस्टर चालू होता. विधेयक होते जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध, म्हणजे लिंचिंगविरुद्ध. प्रतिनिधिगृहाने ते १९३७ च्या एप्रिलमध्ये मंजूर केले होते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कचेरीबाहेर, काल एक माणूस जमावाने मारला, एवढीच ओळ लिहिलेला काळा झेंडा त्या वर्षांत फडकत असे. दर अशा हत्येनंतर तो बाहेर काढायचा. दक्षिणेतल्या सिनेटरांनी ठरवले, मतदान होऊच द्यायचे नाही. लुइझियानाचा अॅलन एलेंडर दिवसांमागून दिवस, एकूण सहा दिवस बोलत राहिला. मिसिसिपीचा थिओडोर बिल्बो कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत पाठवून देण्याच्या योजना ऐकवत होता. चित्रपटात सज्जात सॉन्डर्स बसते. १९३८ मध्ये सज्जात एनएएसीपीचा सचिव वॉल्टर व्हाइट बसलेला होता, आणि दक्षिण कॅरोलायनाच्या जेम्स बर्न्सने भाषणात त्याच्याकडे निर्देश करून, हे विधेयक याच्या हुकमाने चालले आहे, असा टोमणा मारला. चर्चा बंद करण्याचे दोन प्रयत्न पडले. २१ फेब्रुवारीला विधेयक बाजूला ठेवले गेले.

म्हणजे एकट्या प्रामाणिक माणसाचे शेवटचे शस्त्र म्हणून काप्राने जी प्रथा पडद्यावर आणली, ती प्रत्यक्षात एका गटाच्या हातातला अडसर होती, आणि तो अडसर कुणासाठी लावला जाई हे वॉशिंग्टनला पक्के ठाऊक होते. पहिल्या खेळाच्या जागेतही हा विरोधाभास होता. त्याच वर्षी कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालकिणींनी, ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेने, गायिका मेरियन अँडरसन हिला ती कृष्णवर्णीय म्हणून तिथे गाऊ दिले नव्हते. ९ एप्रिल १९३९ ला ती लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली. स्मिथही लिंकनच्या पुतळ्यासमोर उभा राहतो, आणि त्या प्रसंगात काप्राने एक वृद्ध कृष्णवर्णीय टोपी काढून उभा केला आहे. त्याच्या पलीकडे चित्रपट जात नाही.

सिनेटरांचा राग मात्र या कारणासाठी मुळीच नव्हता. बहुमताचा नेता अॅल्बन बार्कली याला चित्रपटात सिनेट भामट्यांचा मेळावा दिसतो याचा संताप आला. लंडनमधला अमेरिकन राजदूत जोसेफ केनेडी याने कोलंबियाचा मालक हॅरी कोन याला कळवले, की युरोपात युद्ध पेटलेले असताना हा चित्रपट तिकडे दाखवला तर अमेरिकेची नाचक्की होईल. कोन आणि काप्रा बधले नाहीत. काप्राच्याच सांगण्यानुसार पुढे उलटे घडले: १९४२ मध्ये जर्मनांनी फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपटांवर बंदी घालायचे ठरवले तेव्हा तिथल्या थिएटरांनी शेवटचा म्हणून हाच चित्रपट लावला. ऑस्करची अकरा नामांकने मिळून हाती एकच बाहुली आली, मूळ कथेसाठी लुइस फॉस्टरला.

पटकथा लिहिली होती सिडनी बुकमनने. स्मिथच्या तोंडची वाक्ये मुख्यतः त्याची, आणि या सगळ्या गोष्टीतला सगळ्यांत लक्षात ठेवण्याजोगा माणूसही तोच. बुकमन त्या काळात अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. चित्रपट करताना काप्राशी आपला खटका कसा उडाला, ते त्याने पुढे फ्रेंच मुलाखतकारांना सांगितले. लोकशाहीत लहानसहान बाबतीतही नागरिकाने जागे राहायला हवे, हा चित्रपटाचा आशय आहे, असे तो काप्राला समजावत होता. काप्राने उलट विचारले, तू कम्युनिस्ट आहेस का? यानेही विचारले, मग तू फॅसिस्ट आहेस का?

बारा वर्षांनी तो प्रश्न सरकारने विचारला. सप्टेंबर १९५१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे बुकमन उभा राहिला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काआड बरेच जण लपत होते. त्यावर कायदेशीर कारवाई होत नसे. बुकमनने ती वाट धरली नाही. मी १९३८ ते १९४५ पक्षात होतो, असे त्याने सरळ सांगितले, आणि इतरांची नावे सांगायला ठाम नकार दिला. स्वतःपुरते सगळे कबूल आणि दुसऱ्याचे एक अक्षर नाही, ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची होती. त्या दिवशी समितीचा एक सदस्य दालनातून उठून गेल्याने गणसंख्या भरली नाही आणि तेवढ्यापुरता तो सुटला. स्मिथला नियमांच्या खाचाखोचांनी तारले होते, तसे त्याच्या लेखकालाही एकदा तारले. मग जानेवारी १९५२ मध्ये त्याला पुन्हा समन्स आले. तो गेला नाही. १९५३ मध्ये संसदेच्या अवमानाबद्दल तो दोषी ठरला: दीडशे डॉलर दंड आणि एक वर्षाची तहकूब कैद. हॉलिवूडची दारे बंद झाली ती दहाएक वर्षांसाठी. शेवटची वर्षे त्याने फ्रान्समध्ये काढली आणि १९७५ मध्ये कानला तो वारला.

आणि त्याच जानेवारीत काप्रा कुठे होता? मुंबईत. २४ जानेवारी १९५२ ला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. फिल्म्स डिव्हिजनने भरवलेल्या या सोहळ्याला अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून काप्रा आला होता. ‘बायसिकल थीव्ह्ज’ने आपल्या चित्रपटकर्त्यांची झोप उडवली ती याच महोत्सवात, राज कपूर, बिमल रॉय यांच्या पुढच्या कामावर त्या दिवसांचा ठसा आहे. काप्राच्या मनात त्या वेळी वेगळीच काळजी होती. मुंबईला निघण्याच्या सुमारासच लष्कराच्या एका गुप्त अभ्यासप्रकल्पासाठी लागणारी सुरक्षा परवानगी त्याला नाकारली गेली होती; जुन्या सहकाऱ्यांची राजकीय मते आता त्याला चिकटली होती. त्याने आपण पक्के कम्युनिस्टविरोधी असल्याचे जाडजूड टाचण करून पाठवले आणि परवानगी मिळवली. एकाला आपल्या देशाच्या वतीने हार घातले जात होते, दुसरा त्याच देशाच्या समन्सला नकार देत होता. काप्राला भित्रा ठरवणे सोपे आहे. सिसिलीहून आलेल्या गरीब स्थलांतरिताच्या मुलाला आपले अमेरिकनपण सिद्ध करावे लागणे, यातला अपमानही बघायला हवा. पण स्मिथसारखे वागला कोण, असे विचारले तर उत्तर एकच आहे, आणि ते दिग्दर्शकाचे नाव नाही.

सिनेटच्या खोडीचा कळस १९५७ मध्ये झाला. मतदानाच्या हक्कासंबंधीचे माफक नागरी हक्क विधेयक आले, तेव्हा दक्षिण कॅरोलायनाचा स्ट्रॉम थर्मंड २८ ऑगस्टच्या रात्री उभा राहिला आणि २४ तास १८ मिनिटे बोलला. शरीरातले पाणी कमी व्हावे म्हणून त्याने आधी वाफेचे स्नान घेतले होते, आणि गरज पडलीच तर असावी म्हणून शेजारच्या खोलीत त्याचा एक सहायक बादली घेऊन उभा होता. त्याने काय वाचले? राज्यांचे निवडणूक कायदे, वॉशिंग्टनचे निरोपाचे भाषण आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा. जाहीरनामा स्मिथनेही वाचला होता. थर्मंड खाली बसल्यावर दोनेक तासांत विधेयक ६० विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले.

१९६४ च्या मोठ्या नागरी हक्क कायद्याला मात्र दक्षिणेच्या गटाने साठ कामकाजाचे दिवस अडवले. १० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचा रॉबर्ट बर्ड चौदा तासांहून लांब भाषण संपवून बसला आणि चर्चा बंद करण्यावर मतदान सुरू झाले. ६७ मते हवी होती. कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगलच्या मेंदूत गाठ होती; शस्त्रक्रियेनंतर त्याची वाचा गेली होती. चाकांच्या खुर्चीतून त्याला दालनात आणले. नाव पुकारले गेले, तोंडातून शब्द फुटेना. त्याने कसाबसा हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच, तेव्हा लेखनिकाने ते मत ‘होय’ म्हणून नोंदवले. ७१ विरुद्ध २९ मतांनी भिंत पडली. एंगल जुलै संपण्याआधी गेला. चोवीस तासांच्या भाषणांच्या या इतिहासातले सर्वांत वजनदार विधान एका मुक्या माणसाचे आहे, आणि त्यावर कुणी चित्रपट काढल्याचे फारसे कुणाला आठवत नाही.

त्यानंतर प्रथा हळूहळू आळशी झाली. सत्तरच्या दशकात सिनेटने एका विधेयकावर अडथळा असताना दुसरे काम चालू ठेवण्याची पद्धत आणली, आणि १९७५ मध्ये चर्चा बंद करायला साठ मते पुरेशी केली. तेव्हापासून अडवणाऱ्याला उभे राहण्याचीही गरज उरली नाही. आम्ही अडवणार एवढे कळवले की साठ मते जमेपर्यंत विधेयक पडून राहते. घसा बसवणारी भाषणे झाली तर ती कॅमेऱ्यासाठी होतात. न्यू जर्सीच्या कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरने ३१ मार्च २०२५ ला बोलायला सुरुवात करून २५ तास ५ मिनिटांनी थांबताना थर्मंडचा विक्रम मोडला, तेव्हा त्याच्यापुढे अडवायला कुठलेही विधेयक नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत १९८९ साली पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘मिस्टर स्मिथ’ होता. १९३८ मध्ये बाजूला ठेवलेला विषय मात्र आणखी बराच काळ बाजूलाच राहिला. जमावहत्येला संघराज्याचा गुन्हा ठरवणारे एमेट टिल या अशाच हत्येला बळी पडलेल्या कृष्णवर्णीय मुलाच्या नावाचे विधेयक सिनेटने ७ मार्च २०२२ ला एकमताने मंजूर केले, आणि त्या वेळी कुणीही भाषण लांबवले नाही.